चिंचेखालचे पंच

दमवाले आबा पंच म्हणून उभे राहिले की खेळाकडे बघत नसत. समोर चढाई चालू असायची, सात गडी हात धरून टपलेले असायचे, भोवतीची माणसं माना पुढे काढून बघायची, आणि आबांचं तोंड मात्र चिंचेच्या शेंड्याकडे. उजवा कान तेवढा खेळाच्या दिशेला. पायात काही नाही. चढाईवाल्याच्या तोंडातलं 'कबड्डी कबड्डी' एवढंसं अडखळलं, की यांची शिट्टी वाजलीच. "दम तुटना. बाद." त्यावर गडी ब्र काढत नसत. मी मूळची बोदवडची, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी खेळाची शिक्षिका म्हणून धुळ्याला नवीनच आलेली. कबड्डी मंडळाने मला गुण लिहायला टेबलावर बसवलं होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा म्हातारा काय झाडावरच्या चिंचा मोजतोय की काय. सामना संपल्यावर तसं तोंडावर बोललेसुद्धा. तोंडाला माझ्या कधी कुलूप नव्हतं. आबा हसले आणि म्हणाले, "डोया खोटं बोलतस, बाई. दम खोटं बोलस नही."

ते मैदान पांझरेच्या काठाजवळ होतं. मैदान कसलं, एक मोठी चिंच, तिच्या सावलीत चाळलेल्या मातीचा चौकोन आणि भोवती एक सुंभाची दोरी. आदल्या दिवशी पाणी मारायचं, सकाळी फक्कीच्या रेषा ओढायच्या. मग आबा अनवाणी पायांनी सगळा चौकोन तुडवून यायचे आणि पायाला लागलेला खडा न् खडा उचलून खिशात टाकायचे. दोरीपासून रेषा हातभर लांब. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय पसरले तर ते मैदानात जायचे. खेळणाऱ्याची धाप ऐकू यायची, पकडीत कुणाचं बोट मुडपलं तर तेही ऐकू यायचं. आणि ज्याला हात लागला तो गडी मुकाट्याने हात वर करून बाहेर निघायचा. न करून जातो कुठे? चार हातांवर त्याचाच शेजारी बसलेला, त्याच्या आईला ओळखणारा. मोठमोठ्या गावची मैदानं मी पुढे पाहिली. पण धुळ्याची माणसं त्या चिंचेखाली का गर्दी करत, ते मला तेव्हाच कळलं होतं. तिथे खोटं बोलायची सोय नव्हती.

दुसरं कारण सुंदरअक्का. भाजी बाजारात बसणारी ही बाई एकही सामना चुकवत नसे. तिच्यासारख्या बायकांसाठी आबांनी चिंचेच्या बुंध्याकडची बाजू दोरीने वेगळी करून ठेवली होती, आणि तिकडे कुणी पुरुष सरकला तर खेळ थांबवून त्याला उठवत. अक्का मात्र आबांचे उपकार वगैरे मानणाऱ्यातली नव्हती. निकाल पटला नाही की तीच पहिली ओरडे, "पंच आंधया शे, पंच आंधया!" सगळं मैदान हसायचं. आबाही हसायचे. कबड्डीच्या पंचाला एवढं तर ऐकून घ्यावंच लागतं.

आबा शिंपी होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं एका मशिनचं दुकान होतं, आणि अर्ध्या जिल्ह्यातल्या संघांच्या चड्ड्या त्यांनी शिवलेल्या. मी ओळख वाढवायला जाऊ लागले तेव्हा काजं करायचं काम त्यांनी सुनेवर सोपवलं होतं. वर्षभरात कापायचंही सोपवलं. "आते तिना हात बसना," असं कौतुकाने सांगायचे. पुढच्या वर्षी दुकानच बंद झालं. मी म्हटलं, वय झालं, दमले असतील. माणूस डोळ्यांदेखत बुडत असतो आणि आपण त्याला विश्रांती म्हणतो.

मला कळलं ते नाणेफेकीत. आबांची एक पद्धत होती. नाणं उडवायचे आणि ज्याने छापा-काटा मागितला त्या कप्तानालाच म्हणायचे, "तूच उचल, तूच सांग. आठे कोन खोटं बोलस?" या विश्वासाचं लोकांना फार अप्रूप. एका सामन्यात दोघा कप्तानांत वाद झाला, एक म्हणे छापा, एक म्हणे काटा. आबांनी नाणं होतं तसंच तळहातावर घेतलं, डोळ्यांसमोर धरलं, मग जरा बाजूला धरलं, आणि अंगठ्याने चाचपायला लागले. मी टेबलावरून बघत होते. काटा वर होता, उन्हात चमकत होता, मला चार-पाच पावलांवरून दिसत होता.

सामन्यानंतर मी त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं, "आबा, तुम्हाला दिसतं किती?" आधी उडवून लावलं. मग चिंचेच्या मुळावर बसले. "ज्याले दखस तेच पुसाई जास, बाई. कडेकडेनं तेवढं र्‍हास." जळगावच्या डॉक्टरने सांगितलं होतं की डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. म्हणजे चिंचेच्या शेंड्याकडे बघणं हे काही नुसतं कानासाठी नव्हतं. झाडाकडे बघितलं की खेळ डोळ्यांच्या कडेला थोडा थोडा दिसायचा. बाकीचं काम दमावर, पायांच्या आवाजावर आणि पहिल्या रांगेवर. हात लागला की ती माणसं एकदम श्वास आत घ्यायची. आबा त्या श्वासावर शिट्टी फुंकायचे.

"मग द्या ना सोडून. मानाने सोडा," मी म्हटलं. मी तिशीच्या आतली, मला सोडणं सोपं वाटायचं.

"दुकान गयं. सुई गयी. आते शिट्टी बी गयी ते मी घर बसीसन काय करू?" एवढं बोलून त्यांनी माझा हात धरला. तो पहिल्यांदा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "कोनले सांगू नको, बाई."

मी नाही सांगितलं. चूक की बरोबर, तेव्हाही ठरवता आलं नाही, आजही येत नाही. घरी येऊन वहीतले जुने सामने काढून बसले, आबांचा एखादा निकाल चुकलेला सापडतो का बघायला. एकही सापडला नाही. त्या मातीत ते कधी चुकले नव्हते. मी स्वतःची समजूत घातली, की जोवर ही माती आहे, ही रांग आहे, तोवर कुणाचं काही बिघडत नाही.

आणि त्याच हिवाळ्यात मंडळाच्या सेक्रेटरी नानांनी जाहीर केलं, की यंदाची गावोगावच्या संघांची स्पर्धा नव्या स्टेडियमवर होणार.

स्टेडियम गावाबाहेर होतं. सिमेंटच्या पायऱ्या, पाहुण्यांना छत, चार कोपऱ्यांना चार कर्णे. मैदान पायऱ्यांपासून इतकं लांब, की चड्डीच्या रंगावरून गडी ओळखायचा. आबा एकदा मला घेऊन तिथे गेले. मध्यरेषेच्या टोकाला उभे राहिले आणि मला म्हणाले, पलीकडून दम घालत ये. मी पदर खोचला आणि कबड्डी कबड्डी करत आले. वारा होता, खाली मुरूम होता. आबा मान इकडून तिकडे वळवत राहिले. मी रेषेवर पोचले तरी त्यांचं तोंड भलतीकडेच होतं. "तठे माले ऐकू येस नही," असं ते परत येताना तीनदा म्हणाले. पुलावर आल्यावरसुद्धा 'आठे' आणि 'तठे', इथे आणि तिथे, एवढंच चाललं होतं त्यांचं. मला रडू येत होतं आणि रागही. कुणाचा राग, ते कळत नव्हतं.

मग अर्जाची टूम निघाली. आबांनी सांगायचं आणि मी लिहायचं, स्पर्धा चिंचेखालीच का व्हावी याची कारणं. सावली आहे. बाजार जवळ आहे. बायकांना बसायला जागा आहे. खेळ जवळून दिसतो. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, फक्त खरं कारण त्यात नव्हतं. सह्यांना माणसं रांग लावून आली, कारण ती कारणं त्यांच्या मनातलीच होती. एक कंडक्टर म्हणाला, "तिथं पायऱ्यांवर बसून कबड्डी बघण्यापेक्षा घरी बसून निकाल विचारलेला बरा." सुंदरअक्काने अंगठा उठवला आणि विचारलं, "आमी बाया तठे कोठे बसूत? त्या पायर्‍यास्वर, पोरं शिट्या मारतस त्यासना मझार?" शेवटी आबांनी सही केली. ती सही वरच्या तीन नावांवर चढली. मी घाईघाईने कागद घडी केला.

नानांनी सभेत अर्ज पूर्ण वाचला, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. मग चष्मा काढला. "आबा, तुमचं खरंय. पण पाहुण्यांना मातीत बसवू का? एरंडोलचा संघ येतोय, वर्तमानपत्रवाले येताहेत. खेळ वर न्यायचाय ना आपल्याला?" आबा उभे राहिले. त्यांनी हात जोडले. हा माणूस कुणापुढे हात जोडताना मी पाहिला नव्हता. "नाना, एक डाव. फायनल तरी आठे ठेवा." नाना विरघळले नाहीत. उलट त्यांनी आबांचा सत्कार केल्यासारखं सांगून टाकलं, "फायनलचे पंच तुम्हीच. तुमच्याशिवाय शोभा नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथे मी उठून नाही म्हणायला हवं होतं. आबांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दाबून ठेवला होता.

स्पर्धेचे चार दिवस दुसऱ्या पंचांनी निभावले. फायनलला आबा धुतलेला पांढरा शर्ट घालून आले, पायात चपला नाहीत. धुळे आणि एरंडोल. पायऱ्या भरल्या होत्या, पण आमची पहिली रांग त्यात कुठे विरघळली होती ते दिसत नव्हतं. बायका तर औषधालाही नव्हत्या. सुंदरअक्का मात्र आली होती, एकटी, एकदम वरच्या पायरीवर पदर डोक्यावर घेऊन बसलेली. कर्ण्यांतून पाहुण्यांचं स्वागत थांबता थांबत नव्हतं. मैदानाच्या दोन बाजूंना दोन पंच, आणि त्यांच्यावर मुख्य पंच, ज्याला कबड्डीत सरपंच म्हणतात. पहिल्या डावात आबांच्या बाजूला फारसं काही घडलं नाही, देवाची कृपा. दुसऱ्या डावात धुळे एका गुणाने मागे होतं आणि शेवटची चढाई आली. स्पर्श झाला असता तर बरोबरी आणि वाढीव वेळ.

आमच्या गड्याने कोपऱ्यावर झेप घेतली आणि एरंडोलच्या कोपरारक्षकाच्या गुडघ्याला त्याची बोटं लागली. आबांच्या बाजूला, त्यांच्यापासून चार हातांवर. मला टेबलावरून स्वच्छ दिसलं. चढाईवाला हात उंचावून परत आला. कोपऱ्यावरचं पोर जागेवरच उभं राहिलं. चिंचेखाली हेच पोर दोन वर्षांपूर्वी मुकाट्याने हात वर करून बाहेर गेलेलं मी पाहिलं होतं. पण इथे त्याच्या जवळ होतं कोण?

शिट्टी वाजली नाही. आबा त्या पोराच्या दिशेने वळले. "लागना का रे हात?"

"नाही आबा."

आबा थांबले. पहिल्या रांगेच्या श्वासाची वाट बघत थांबले. पायऱ्यांवरून सगळीकडून एकच गलका येत होता, त्यात श्वास कुठला ऐकू येणार? सरपंचांनीही आबांकडेच बोट दाखवलं, निकाल त्यांचा. गुणलेखकाने तोंड उघडायचं नसतं, हा नियम मी त्या क्षणी घट्ट धरून बसले. नियम नसता तरी मी गप्पच बसले असते. मी बोलले असते तर पुढचा प्रश्न हाच आला असता, की पंचाला चार हातांवरचं दिसलं कसं नाही. आबांनी दोन्ही हात आडवे केले. गुण नाही.

धुळे हरलं. पायऱ्यांवरून ओरडा सुरू झाला. "पंच आंधळा आहे! पंच आंधळा!" शेंगांची टरफलं आली, एक बाटली आली. वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलेली ती शिवी. मी सुंदरअक्काकडे पाहिलं. ती ओरडत नव्हती. उभी राहून आबांच्या पावलांकडे बघत होती. आबा बाहेर जायला निघाले होते आणि फाटक सोडून कुंपणाकडे चालत होते.

मी गुणपत्रिका तशीच टाकून धावले आणि त्यांचा हात धरला. सगळ्यांसमोर. आता लपवायचं काय उरलं होतं?

घरापर्यंत आम्ही चालत आलो. पुलावर ते थांबले. शिट्टीची दोरी गळ्यातून काढून त्यांनी खिशात ठेवली, खिशात खडा नाही ना हे चाचपून बघितलं. मग माझ्याकडे तोंड केलं, सरळ माझ्याकडे, म्हणजे मी त्यांना दिसत नव्हते.

"खरं सांग बाई. लागेल व्हता का हात?"

माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या जवळून काही विचारलं नव्हतं. त्यांच्याजवळ आता काही उरलं नव्हतं, एवढा एक निकाल सोडून. तो मी काढून घेऊ?

"नाही आबा," मी म्हटलं. "नव्हता लागला."

आबांनी मान वळवली. उजवा कान माझ्याकडे केला. रागावले असतील असं वाटलं होतं, पण आवाज मऊ होता.

"दम तुटना, बाई," ते म्हणाले. "तू बाद."

त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्याकडे जात राहिले. सून चहा करायची, आबा पावसापाण्याचं विचारायचे, माझ्या शाळेतल्या मुलींचं विचारायचे. कबड्डीचा शब्द नाही, त्या दिवसाचा तर नाहीच. कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा बाद नसतो. आपल्या बाजूच्या कुणी एक गुण मिळवला की तो पुन्हा आत येतो. मी वाट बघत होते. पुढच्या दिवाळीनंतरच्या थंडीत आबा गेले.