हँडल डावीकडे

आमच्या अम्मीला कुठलीही बातमी सांगा, तिचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘कुछ गिर्‍या तो नै?’’ काही पडलं तर नाही ना? भूकंपात लातूरचं आमचं घर अर्धं बसलं, तेव्हापासूनची ही सवय. मी बारावी पास झाले तेव्हाही तिने हेच विचारलं होतं, आणि मी जाम चिडले होते.

भूकंपानंतर कितीतरी दिवस छताखाली झोपायला कुणी धजावेना. मैदानात सतरंज्या टाकून अख्खी गल्ली आडवी व्हायची. मोठ्यांचं लक्ष जमिनीकडे, माझं वर. एवढं सगळं पडलं तरी आभाळ काही पडलं नव्हतं, म्हणून मला त्याचा भरवसा वाटायचा. ताऱ्यांचं वेड लागलं ते तिथेच.

मग आम्ही काही वर्षं नांदेडला मामूंकडे राहिलो. अकरावीला मी लातूरला परतले, तर गल्लोगल्ली क्लासेसचं पेव फुटलेलं. आमच्या क्लासचा बोळ एवढासा आणि त्यात सायकलीच सायकली. नियम असा, की सगळ्यांनी हँडल डावीकडे वळवून सायकल लावायची, म्हणजे एकीचं हँडल दुसरीत अडकत नाही. काढताना रस्त्याकडच्या टोकापासून काढायच्या आणि रांगेबाहेर पडेपर्यंत हँडल सरळ करायचं नाही. अहमदपूरची एक दांडगी पोरगी पहाऱ्यालाच उभी असायची. ‘‘ए नांदेडवाली, हँडल डावीकडं कर की! समद्या पाडायलीस का?’’ मला तिचा भयंकर राग यायचा. पण एकदा एका घाईतल्या मुलीने मध्येच हँडल सरळ केलं आणि सगळी रांग धडाधड आडवी झाली. त्यानंतर मी निमूट डावीकडे वळवायला लागले.

आता मी दुर्बिणींचं काम करते. आमच्या दुर्बिणीत बोटाएवढे शेकडो रोबो दाटीवाटीने उभे असतात. प्रत्येकाच्या हातात केसासारखं एक काचेचं फायबर. रोबो कोपरात वळतो, नेमून दिलेल्या दीर्घिकेच्या उजेडाखाली फायबर धरतो. पण एका फायबरला एकाच ठिपक्याचा उजेड मिळतो. सात फायबरांची जुडी धरली, तर दीर्घिकेची कुठली कड आपल्याकडे येते आणि कुठली लांब जाते, म्हणजे ती कशी फिरते, तेही कळतं. अडचण एवढीच, की जुडीचं डोकं जाड. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, या रोबोंना ते पेलायचं नाही. मी म्हणाले, पेलेल. जरा मोठ्यानेच म्हणाले.

आणि तोंडावर आपटले. पहिल्या चाचण्यांत जुड्या एकमेकींवर आदळून फायबरं तुटली. शेवटी बजावण्यात आलं, आणखी एक चाचणी, तीही फसली तर जुड्यांचा नाद कायमचा सोडायचा.

मी चिडून रोबोंकडे बघत बसले. प्रत्येक जण आपल्याला जवळचा रस्ता धरत होता. कुणी कोपर डावीकडे काढी, कुणी उजवीकडे. बारीक फायबर होतं तोवर हे खपून गेलं. मला एकदम तो बोळ दिसला आणि मी एकटीच मोठ्याने हसले. मग प्रोग्रॅम नव्याने लिहिला. सगळ्यांनी कोपर डावीकडेच घ्यायचं. आधी कडेच्या रांगेने उघडायचं आणि बाहेरचा शेजारी जागेवर पोचेपर्यंत आतल्याने हलायचं नाही.

चाचणीला सगळी ज्येष्ठ मंडळी हजर होती. कडेची रांग उघडली, मग तिच्या आतली, मग मधली. कुठेही खट्ट झालं नाही. प्रत्येक जुडीच्या साती फायबरांतून उजेड आला. टाळ्या वाजल्या, आणि मी लहान पोरीसारख्या जागच्या जागी उड्या मारल्या. खूप, खूप आनंद झाला होता मला.

लगेच घरी फोन लावला. ‘‘अम्मी, जमलं! माझे रोबो चालले!’’

‘‘कुछ गिर्‍या तो नै?’’

आयुष्यात पहिल्यांदा तिचा प्रश्न मला अगदी बरोबर वाटला.

‘‘नै अम्मी,’’ मी म्हणाले, ‘‘कुछ नै गिर्‍या. सब के सब खडे हैं.’’