बाटलीकाकांचा खडू

तुमच्या दारातल्या जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये काय आहे, ते तुम्ही स्वतः कधी पाहिलं आहे का? की मिस्त्रीनं काहीतरी सांगितलं, तुम्ही मान हलवली आणि किल्ली फिरवली?

हिंदी मुलखातल्या आमच्या कांचघर मोहल्ल्यातले मिस्त्री बाटलीकाका पाहिल्याशिवाय एक शब्द बोलत नसत. गाडी आली की आधी इंजिन थंड होऊ द्यायचे. मग रेडिएटरमधलं पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचे, तिच्यावर गाडीचा नंबर चिकटवायचे आणि बाटली भिंतीवरच्या फळीवर ठेवायचे. नवख्याला वाटायचं, इथे दारू मिळते. एकदा एक गिऱ्हाईक चिडून म्हणालं, "उस्ताद, गाड़ी बनाते हो कि अचार डालते हो?" काका शांतपणे म्हणाले, "अचार ही समझो भैया. पकने दो."

दुपारपर्यंत त्या बाटलीला कुणी हात लावायचा नाही. "गंज असला तर खाली बसते, तेल असलं तर वर येते," ते मला सांगत. "झाकण उघडल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून थांबायचं." वर तेलाचा थर आला, की इंजिनच्या आत तेलाची आणि पाण्याची वाट एक झाली, असा त्याचा अर्थ. मधलं गॅस्केट फुटलं असेल किंवा हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा गेला असेल. मग काका बोनेटवर खडूनं एकच शब्द लिहीत: बंद. तो शब्द फक्त त्यांनीच पुसायचा, हे गल्लीतली पोरंसुद्धा जाणून होती.

त्यांचे वडील विदर्भातून इथल्या कारखान्यात कामाला आले होते, माझे आजोबाही. म्हणून काका माझ्याशी हट्टानं मराठीत बोलत. मी मध्येच हिंदीवर घसरले की म्हणत, "जिभेले गंज चढून राहिला तुह्या."

आमच्या वस्तीच्या विहाराची एक गाडी होती. जुनी डिझेल गाडी, कुणीतरी दान दिलेली. आजारी माणसांना दवाखान्यात न्यायला ती ठेवली होती आणि बहुतेक वेळा मीच चालवायचे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या रेडिएटरच्या झाकणाखाली दुधाळ तपकिरी चिखल दिसला. काकांनी बाटली भरली. दुपारी पाण्यावर बोटभर तेल तरंगत होतं. त्यांनी खडू उचलला.

"हेड उतरवावं लागते. आठ दिवस लागतील."

"काका, आठ दिवस? लोकांची गाडी आहे!"

"लोकांची आहे म्हणून तर. काहून घाई करून राहिली?"

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. वस्तीचं काम थांबवणारा प्रत्येक जण मला शत्रू वाटायचा. मी गाडी विहारात आणली, नळी लावून रेडिएटर धुतला, नवं पाणी भरलं. पाणी स्वच्छ दिसलं. मग ओल्या फडक्यानं मी तो शब्द पुसला.

तीन दिवस गाडी चालली. चौथ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला, "यांच्या छातीत दुखून राहिलं, लवकर ये." मी गाडी घेऊन गेले. काका दारात भिंतीला धरून उभे होते. त्यांनी आधी बोनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काकूंचा हात धरून मागच्या सीटवर बसले.

सिव्हिल लाइन्सच्या अलीकडे, पुलाच्या चढावर, काटा लाल रेषेवर गेला. बोनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन जागच्या जागी अडकलं. मी धावत उतरले, बोनेट उचललं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मागून आवाज आला. दम पुरत नव्हता, तरी काका ओरडले, "झाकण नको! भाजशील."

त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. रिक्षा मिळेपर्यंत बराच वेळ गेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

वस्तीत सगळे म्हणाले, जुनी गाडी होती, काय करणार. बोनेटवरचा शब्द कुणी पुसला, हे कुणीच विचारलं नाही. काकूंना मी स्वतः सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यायले माहीत होतं." मी अधिकाऱ्यांच्या आणि ठेकेदारांच्या हलगर्जीपणावर किती पत्रकं लिहिली, वाटली. त्या सगळ्यांनी हेच केलं होतं: समोर लिहिलेला इशारा पुसला आणि वर सगळं स्वच्छ दिसतंय म्हणाले.

त्या गाडीची बाटली अजून काकांच्या फळीवर आहे. तेल वर, पाणी खाली. काकू ती हलवू देत नाहीत.

उद्या सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, तुमच्या गाडीचं झाकण उघडा. पाणी गढूळ दिसलं तर ते बाटलीत भरून ठेवा आणि दुपारपर्यंत थांबा. वर तेल आलं तर गाडी जागेवरून हलवू नका, मग ती कुणाच्याही कामाची असो. आणि तुमच्या मिस्त्रीनं बोनेटवर काही लिहिलं असेल, तर ते त्यालाच पुसू द्या.