शेजाऱ्याची चाबी

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात माझा शेजारी पिऊन गाडी चालवताना तीनदा पकडला गेला होता. सुटून आला की गळ्यापर्यंत गुंड्या लावून सभ्यासारखा नमस्कार करायचा. मला त्याची किळस यायची.

एका सकाळी तो शुद्धीत मोटारसायकलची चाबी घेऊन आला.

"काकाजी, ठेवून घ्या. मले झोप नाई येत, सारखं भेव वाटते. डॉक्टर म्हणते, मनाचा आजार हाये. मी पेऊन आलो अन् मागतली तरी देऊ नका."

"आजार कायचा रे? नखरे हायेत सारे," मी म्हणालो. चाबी मात्र ठेवली.

आठवड्याने तो पिऊन आला आणि माझ्या दारात रडत चाबी मागू लागला. गल्ली बघत होती. "घे, मर जाऊन," म्हणत मी ती त्याच्या अंगावर फेकली.

गावाबाहेरच्या वळणावर त्याने कापूस वेचून परतणाऱ्या एका बाईला उडवलं. तिचा पाय गेला. गावाने त्याला शिव्या घातल्या, सर्वांत मोठ्याने मी.

चाबी मी दिली, एवढंच सांगून माफी मागायला दोनदा तिच्या घरी गेलो. दोन्ही वेळा कुबडी टेकत तिने पाणी आणून दिलं. यंदा कापूस कसा आहे, असं विचारून मी परतलो.