एका इंचाचा रुसवा

मंगळवार, १२ मार्च १९९१. चर्चमध्ये साडेसहाची मिस्सा. दोन बाह्या जोडल्या, बटणांची पाच काजं केली. ताई आजही पलीकडच्या बाकावर. प्रभूने तेच सांगितलं. मी ऐकलं नाही.

शिवणबाई रोजच्या रोज वही लिहीत आणि वहीत खोटं लिहीत नसत.

तीन आठवड्यांपूर्वी नणंदेने त्यांनीच शिवलेला नवा झगा शिवणबाईंच्या दुकानात परत आणून टाकला होता. "वहिनी, यात मला श्वास घेता येत नाही!"

चार बायका बसलेल्या. शिवणबाईंची जीभ कात्रीपेक्षा धारदार. "माझं माप चुकत नाही, ताई. तुम्हीच सुटलात."

बायका फिदीफिदी हसल्या. नणंद निघून गेली. चर्चमध्ये तीस वर्षं दोघी खांद्याला खांदा लावून बसायच्या. त्यानंतरच्या रविवारपासून शेजारची जागा रिकामी. नवऱ्यामागे सासरचं एवढं एकच माणूस उरलं होतं.

आणि रोज प्रार्थनेला बसलं की मनात एकच वाक्य यायचं: जा, तिची माफी माग.

शिवणबाई हुज्जत घालत. "प्रभू, चूक तिची. हल्ली सगळेच सुटलेत, कुणाला म्हणून कपडा बसत नाही, त्याला मी काय करू?"

बुधवारी सकाळी सुईत दोरा ओवताना त्यांचा हात थबकला. आपला आवाज कसा, वकिली करतो. पुरावे काढतो, साक्षीदार उभे करतो. हा दुसरा आवाज कोण बरोबर ते सांगतच नव्हता. नुसतं म्हणत होता, जा. तेही न चिडता, रोज नव्याने. एवढा धीर आपल्या अंगात नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणजे आवाज आपला नव्हेच.

त्यांनी चपला घातल्या. टेप गळ्यातच राहिली.

"काय, आणखी सुटलेय का ते बघायला आलात?" नणंदेने दार अर्धंच उघडलं.

"नाही ताई. चार जणींत तुमचं हसं केलं. चुकलं माझं."

"आणि झगा?"

"झग्याचं मला कळत नाहीये. पण बोलणं माझंच वाईट होतं."

नणंदेने दार पूर्ण उघडलं. "आत या. माफी काय उंबऱ्यात उभं राहून मागतात?"

चहाचं आधण ठेवून ती म्हणाली, "घ्या आता माप. माझ्यासमोर."

"छत्तीस. बघा!"

नणंदेने कपाटातून आपली टेप काढली. "यावर सदतीस."

दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. बारा वर्षं ओढून ओढून शिवणबाईंची टेप इंचभर ताणली होती. अंगाचं माप त्या घ्यायच्या या ताणलेल्या टेपने, आणि कापड मोजून कापायच्या टेबलाला ठोकलेल्या लाकडी पट्टीवर; म्हणून प्रत्येक कपडा इंचभर घट्ट!

"अगं बाई! म्हणजे पोस्टमास्तरीणबाईंना मी उगाच..."

"तिने साखर सोडलीय, वहिनी!"

"आणि फादरना म्हटलं, उपवास जरा मनापासून करा!"

दोघी पोट धरून हसल्या. इतक्या, की चहा उतू गेला. मग दोघीच गिऱ्हाइकांच्या घरोघर गेल्या, शिवणबाई माफी मागायच्या, आणि नणंद पुढे होऊन सांगायची, "कुणीच सुटलेलं नाही हो!"

त्या संध्याकाळी वहीत लिहिलं: ताईंचा झगा उसवला, शिवणीत कापड पुरेसं आहे. नवी टेप आणली. जुनीने टोमॅटोचं रोप काठीला बांधलं.