काढलेल्या वायरीवर आलेला फोन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि त्याला कारण आमचे अब्बा. घाटंजीच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. 'बंद केला तरी यात कोणीतरी खुडबुडतं' म्हणून लोक रेडिओ घेऊन यायचे. अब्बा मागचं झाकण उघडून पाल काढून दाखवायचे. “ये लो, तुम्हारा भूत!” मीही त्याच वळणाच्या धंद्यात पडलो, फक्त रेडिओच्या जागी फायबर आला. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी राग नाही... मीसुद्धा हसलो असतो.

आधी थोडं तांत्रिक सांगतो, नाहीतर यातली मेख कळणार नाही. फायबरच्या वायरीतून करंट जात नाही, उजेड जातो. ऑफिसातल्या मशीनमधून तो निघतो, जाड केबलमधून गावात येतो, खांबावरच्या पेटीत त्याच्या वाटण्या होतात आणि केसाएवढ्या काचेच्या तारेतून तो घरात शिरतो. घरातला पांढरा डबा त्या उजेडाचं इंटरनेट करतो. डब्याला फोन जोडला असेल तर त्याचा आवाजही करतो. उजेड पोचला नाही की डब्यावर लाल दिवा लागतो. मग इंटरनेट नाही, फोन नाही, रिंगसुद्धा नाही.

आता शांताकाकूंबद्दल. त्यांचा विनोद, म्हणजे विनू, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं बियाण्याचं दुकान होतं. बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी लोक दुकानात येऊन त्याच्या नावाने ओरडले. बियाणं त्याने बनवलं नव्हतं, पण विकलं होतं त्यानेच. सख्ख्या मामानेही तोंड फिरवलं, ते त्याला फार लागलं. एक दिवस नागपूरला जातो म्हणून निघाला तो आलाच नाही. मोबाईल बंद. सुरुवातीला अधूनमधून घरच्या फोनवर बोलायचा, कुठे आहे ते मात्र सांगायचा नाही. मग तेही थांबलं. काकूंकडे मोबाईल नाही. घरचा जुना नंबर फायबरवर आणला होता, तेवढाच एक धागा. त्यामुळे त्यांची लाइन गेली की मी हातातलं काम टाकून जायचो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी शेजारच्यांच्या मोबाईलवरून बोलावलं. भर दुपारची वेळ. डब्याला झेंडूचा हार, वर हळदकुंकू, आणि लाल दिवा.

“काकू, हे काय केलं?”

“दसऱ्याले तराजूची पूजा करत होतो आमी. दुकानच बंद पडलं, आता पूजा कोनाची करू? ह्या डब्यातूनच माया विनू बोलते ना.”

मी मागची पिवळी वायर ओढून काढली. काकूंनी डबा पुसताना ती काढली होती आणि तिच्या हिरव्या टोकालाही भक्तिभावाने कुंकू लावून परत खोचली होती! त्या टोकावर साधी धूळ बसली तरी उजेड अडतो, इथे तर अख्खं बोट टेकवलेलं. मला हसू आलं, पण मी ते दाबलं. स्पिरिटच्या कापसाने मी ते टोक पुसून काढलं.

आणि फोन वाजला.

काकूंनी झडप घालून उचलला. “विनू? काहून रे इतके दिवस... जेवला का तू? हो, मी जेवली. सलीम आला हाय, बोल त्याच्यासंग.”

मी रिसीव्हर कानाला लावला. विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज. “सल्या, कसा हायेस बे?”

मला सल्या म्हणणारा जगात एकच माणूस. “बरा आहे बे,” एवढंच मी कसंबसं म्हणालो. काकूंनी रिसीव्हर परत हिसकावून घेतला. तेव्हा माझी नजर खाली गेली. पिवळी वायर माझ्या हातात होती. डब्यावर लाल दिवा तसाच.

काकू बोलत होत्या, “लोक विसरले रे सारं. मामा बी पुसते तुले. कुठी हायेस तू? सांग ना... काय म्हनतं? सलीम, आवाज बारीक येऊन राह्यला, वायर लाव ना लौकर!”

मी लावली. डोकं चालत नव्हतं, हात सवयीने चालला. खट्ट आवाज आला. दिवा हिरवा झाला.

काकू “हॅलो, हॅलो” करत राहिल्या. रिसीव्हरमध्ये स्वच्छ डायल टोन.

“तो सांगतच होता,” त्या म्हणाल्या. “गावाचं नाव घेतच होता, बाप्पा...”

नंतर मी सगळं करून पाहिलं. वायर काढून त्या नंबरवर फोन लावला, रिंग आली नाही. डबा बदलला, फोन बदलला, तरी तेच. ऑफिसात विचारलं, तर त्या दुपारी काकूंच्या नंबरवर कॉलच आलेला नव्हता. अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, “इसमें छिपकली नहीं है, बेटा.”

विनूचा अजून पत्ता नाही. काकू मला कधी बोल लावत नाहीत. लावला असता तर बरं वाटलं असतं.

आता रोज दुपारी जेवण झालं की काकू स्वतःच ती पिवळी वायर काढतात आणि फोनजवळ बसतात. ऑफिसच्या स्क्रीनवर त्यांची लाइन बंद दिसते. “सलीमभाऊ, तुमच्या भागातली एक लाइन गेली,” म्हणून फोन येतो. मी म्हणतो, राहू द्या, येईल आपोआप.

दिवाबत्तीच्या वेळी काकू वायर परत लावतात. लाइन आल्याचं माझ्या मोबाईलवर दिसतं, आणि मला कळतं, आजही फोन आला नाही.