हौदातली काढणी

मार्च २००८, शनिवार, सकाळ. हजर: वनस्पतिशास्त्राचे सर, प्रयोगशाळा सहायक म्हणून मी, आणि कॉलेजमागच्या रानात शेळ्या राखणाऱ्या धुरपताबाई. काम: हौदातल्या शेवाळाची काढणी. झाली नाही.

सरांनी काचेचा ग्लास एका हौदात बुडवला, उन्हाकडे धरला आणि नेहमीचंच बोलले, "अजून जरा घट्ट होऊ द्या."

हे शेवाळ इतकं बारीक, की नुसतं पाणीच हिरवं दिसतं. ते गाळायचं, वाळवायचं, त्यातून तेल काढायचं आणि पुढे त्यावर इंजिन चालवायचं, असं सरांच्या मनात होतं. संस्थेच्या अध्यक्षांना एवढा धीर नव्हता. "पुढच्या शनिवारी त्या तेलावर एक दिवा लावून दाखवा, नाहीतर हौद वसतिगृहाच्या पाण्याला जातील," असं त्यांनी बजावलं होतं.

"सर, फडकं बांधलंय, ताटं मांडलीत. आजच गाळू या. ऊन वाढून राहिलंय."

"घाई काहून करता ताई? मागं लवकर गाळलं, तर सगळं फडक्यालाच चिकटून बसलं."

धुरपताबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काय सर, जल्मभर राखणच करता का पिकाची?"

सर मोठ्यांदा हसले. मी फडकं सोडलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. शेवाळ तळाशी बसू नये म्हणून हा माणूस रविवारीही औंढ्याहून सायकलवर यायचा आणि भर दुपारी बांबूने हौद ढवळायचा. झळ लागू नये म्हणून बायकोच्या जुन्या साड्या आणून वर बांधायचा.

सोमवारी हौद उन्हाने पिवळे पडले होते. वास फाटकापर्यंत येत होता. सर ढवळतच होते. "खालचं जिवंत असंल, ताई."

धुरपताबाईंनी टोमणा मारला नाही. शेळ्या तेवढ्या लांब हाकलून नेल्या.

शनिवारी अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला आणि हौद रिकामे करायला सांगितले. मला इतका संताप आला होता, की पुढे कित्येक दिवस मी सरांशी कामापुरतंच बोलले.

निवृत्तीच्या दिवशी सरांनी माझ्या टेबलावर हिरव्या पाण्याची बरणी ठेवली. हौद रिकामे होण्याआधी त्यांनी थोडं पाणी घरी नेलं होतं, आणि त्यात जे काही जगलं होतं ते वाढवलं होतं. "आता तुमीच गाळा," एवढंच म्हणाले.

सर वारले, त्यालाही बरीच वर्षं झाली. बरणी खिडकीत आहे. पाणी आटलं की मी भर घालते, चिमूटभर खत टाकते. एवढ्याशा शेवाळातून वात भिजेल इतकंही तेल निघणार नाही, हे मला कळतं. तरी एकदा गाळून बघायचं आहे. ते राहिलंय.