चौसष्टांचे ओझे

सहकाऱ्यांनी ज्यांना ‘मोजपट्टी’ हे नाव बहाल केले, त्या बाईंचा जन्म १९६६ सालचा. नेत्ररुग्णालयाच्या संगणक विभागात त्या १९९१ साली रुजू झाल्या आणि २०२४ साली निवृत्त झाल्या. नावाचे कारण उघड होते. कोणी ‘थोडा वेळ लागेल’ म्हटले, की ‘थोडा म्हणजे किती?’ हा त्यांचा प्रश्न ठरलेला असे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी एक प्रणाली उभी केली. डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र दिले, की जुन्या रुग्णांची तशीच छायाचित्रे ती शोधून देई आणि डॉक्टरांना निदानाची दिशा मिळे. त्यासाठी प्रत्येक छायाचित्राचे एम्बेडिंग, म्हणजे त्याचे सार सांगणारी संख्यांची एक ओळ, तयार करावी लागे. हे काम जड. म्हणून एकदा काढलेली प्रत्येक ओळ वेगळ्या फाइलीत साठवायची आणि लागेल तेव्हा नुसती उचलायची, अशी व्यवस्था बाईंनी केली होती.

हा साठा शहराबाहेरच्या छोट्या दवाखान्यांनाही द्यावा, ही त्यांची इच्छा. पहिला प्रयोग त्यांच्या नणंदेच्या दवाखान्यात झाला. नणंदबाई डोळ्यांच्या डॉक्टर, आणि जिभेला धार.

“वहिनी, तुझ्या साठ्यानं माझ्या कॉम्प्युटरचा गळाच धरला गं! चतकोरही उतरला नाही, तेवढ्यात डिस्क फुल्ल.”

“मोठी डिस्क घे की.”

“त्याचं वय बघ! आजोबांना पोतं उचलायला लावतेस? आणि शुक्रवारी तुमचे साहेब निर्णय घेणार ना? माझे पेशंट दोन-दोन बस बदलून तुमच्याकडे येतात. एवढ्यासाठी दिवसाचं काम बुडतं त्यांचं.”

विभागप्रमुख असलेल्या साहेबांचे मत जवळपास ठरलेले होते : साठा परवडत नाही, प्रणाली मुख्य रुग्णालयापुरतीच ठेवावी. बाईंनी आधी डिस्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला धारेवर धरले.

“कुठला कचरा भरून ठेवलायस रे?”

“कचरा नाही, बाई. सगळ्या फाइली तुमच्याच माहेरच्या आहेत,” तो मान वर न करता म्हणाला.

बाई जागेवर परतल्या आणि फाइली आकाराप्रमाणे लावून बघू लागल्या. सगळ्या सारख्याच लठ्ठ. एक मात्र पिसासारखी हलकी. ती खराब झाली असावी, असे समजून त्यांनी उघडली, तर ओळ जशीच्या तशी शाबूत! ती ज्या छायाचित्राची होती, ते संग्रहातले अगदी शेवटचे होते. छायाचित्रे यंत्राला चौसष्टांच्या गटांनी दिली जात; हे एकटेच शेवटी उरले होते.

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रत्येक गटामागे यंत्र एक टेन्सर, म्हणजे चौसष्ट ओळींचा एकसंध तक्ता, देत असे. त्यातली एक ओळ उचलून जतन करायची, अशी सूचना बाईंनी लिहिली होती. परंतु उचललेली ओळ ही त्या तक्त्याकडे उघडणारी खिडकी असते, वेगळी वस्तू नव्हे. आणि जतन करताना खिडकीमागचे सारे घरच फाइलीत जात होते. शेवटच्या छायाचित्राचे घर एकाच ओळीचे, म्हणून तेवढी फाइल हलकी. एका पाहुण्याला बोलवावे आणि त्याने आळीच सोबत आणावी, तसे झाले होते.

जतन करण्यापूर्वी ओळीची स्वतंत्र प्रत काढणे, एवढाच उपाय होता. तो करून बाई थांबल्या नाहीत. सुट्या फाइली मोडून त्यांनी सर्व ओळी एकाच फाइलीत सलग मांडल्या : माथ्यावर ओळी किती, प्रत्येकीत संख्या किती आणि कोणत्या प्रकारच्या, एवढी नोंद, खाली निव्वळ संख्या. नव्या प्रतीतली प्रत्येक ओळ जुन्या ओळीशी ताडून पाहिली, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

शुक्रवारी त्या साहेबांना म्हणाल्या, “चूक माझीच होती.”

“म्हणजे मोजपट्टीच चुकली म्हणायची!”

“चुकली. आता साठा चौसष्टाव्या हिश्श्याएवढा झालाय. नणंदेकडच्या आजोबा-कॉम्प्युटरलाही पेलतोय, लावून बघितलाय.”

साहेबांनी सर्व दवाखान्यांना साठा देण्याची मंजुरी त्याच बैठकीत दिली. डिस्कवाल्या सहकाऱ्याची बाईंनी त्याच्या टेबलाशी जाऊन माफी मागितली. तो लाजून भलतेच बोलू लागला.

एक प्रश्न तेवढा उरला. प्रत्येक संख्या निम्म्या जागेत लिहिली, तर साठा आणखी अर्धा होईल. पण शोध तितकाच अचूक राहील का? त्याचा पडताळा घेण्यासाठी निवृत्त बाई आजही नणंदेच्या दवाखान्यात जातात. आतापर्यंतचे निकाल जुळले आहेत. ‘आतापर्यंत म्हणजे किती?’ असे नणंद मुद्दाम विचारते, आणि बाई तिला सविस्तर उत्तर देतात.